उचल कोणी कोणाला द्यायची?

गेल्या चतुर्थीला पुतण्या मुंबईहून आला आणि त्याने सासूबाईंच्या हातात लिफाफा ठेवला. आत नोटा नव्हत्या, गिफ्ट कार्ड होतं. त्याच्या कंपनीने दिलेलं, तीन हजारांचं, वर सोनेरी अक्षरं. सासूबाईंनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी बघितलं.

"ह्येच्यात पैशे खय असत?"

"आतच आहेत आजी."

"मगे माका काढून दी."

पुतण्या हसला. गिफ्ट कार्डातून रोख काढता येत नाही, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, ते फक्त दुकानात खर्चायचं, हे त्याने आजीला समजावलं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दुकानदाराक उचल आपणच दियाची?"

त्या वाक्यानेच ही पोस्ट लिहायला लावली. गेले काही महिने ते डोक्यातून जातच नाहीये.

आमच्याकडे देवगड तालुक्यात उचल म्हणजे काय, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आंब्याला मोहोर यायच्या आधी वाशीचा दलाल बागायतदाराला पैसे देतो, फवारणी आणि राखणीची सोय होते. पण मग पेट्या त्यालाच घालायच्या आणि भाव तो सांगेल तो. बंदरावरचा खलाशीही हंगाम सुरू व्हायच्या आधी मालकाकडून उचल घेतो आणि मग अख्खा हंगाम त्याच होडीवर. आधी पैसे देणारा घेणाऱ्याला बांधून ठेवतो, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. गिफ्ट कार्डासारख्या प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरलेल्या, कार्डाची गंमत अशी की इथे आधी पैसे देतो आपण आणि बांधलेही जातो आपणच.

दुकानाचा हिशोब तर पूर्वी याच्या अगदी उलट होता. सासरे मुंबईत गिरणीत होते, त्यांची मनीऑर्डर यायची महिन्याच्या दहा-बारा तारखेला. तोवर सासूबाई तांदूळ, गूळ, रॉकेल वाण्याच्या वहीवर आणायच्या. वाणी महिनाभर थांबायचा. व्याज लावत नव्हता असं नाही, गुळाच्या भावात ते मिसळलेलं असायचं, पण थांबायचा तो. आता थांबतो आपण.

तर त्या तीन हजारांचं पुढे काय झालं ते सांगते. कार्ड दिवाळीपर्यंत देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली होतं. नंतर मी ते घेऊन कणकवलीला गेले. पहिल्या दुकानाच्या मशीनने घेतलं नाही. दुसऱ्या दुकानात बिल झालं ३,२४०. म्हटलं वरचे रोख देते, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ताई, बिल तोडता येत नाही, सिस्टीम घेत नाही." मागे लाइन लागलेली. मी एक चादर परत ठेवली आणि बिल आलं २,८६० वर. उरले १४०. त्या दुकानात १४० रुपयांत काही मिळत नव्हतं, साधा टॉवेल १९९ चा. पुन्हा जाईन म्हणून कार्ड पर्समध्ये टाकलं आणि आठवड्याभरात त्याची मुदत संपली. कार्ड एक वर्षाचं होतं, पण त्यातले दहा महिने ते पुतण्याच्याच पाकिटात पडून होतं. मुदत संपत आल्याचे मेसेज कंपनीला पाठवावे लागतात आणि ते आलेही होते. फक्त ते आले पुतण्याच्या नंबरवर, ऑफरांच्या ढिगात. गिफ्ट कार्डाची मुदत मागणी केल्यावर वाढवून मिळते, हेही मला नंतर कळलं. पण १४० रुपयांसाठी कस्टमर केअरला फोन लावून संगीत ऐकत कोण बसणार? आपण बसणार नाही, हे त्यांनाही माहीत असतं. दहा हजार लोकांचे असे शंभर-दीडशे रुपये उरले तर किती होतात, ते ज्याचं त्याने मांडावं.

आता कोणी म्हणेल, पैसे आधी अडकले म्हणजे व्याज बुडालं. त्यात फारसा दम नाही. प्रीपेडच्या शिलकीवर व्याज मिळत नाही हे खरं, पण अडीच हजार रुपये महिनाभर बचत खात्यात तीन टक्क्यांनी राहिले तर मिळतात सहा रुपये. त्यासाठी रडू नये. खरा खर्च वेगळा. कार्ड घेतानाची फी, एटीएममधून काढायची फी, वर जीएसटी. आणि सगळ्यात मोठा म्हणजे तळाशी राहणारा चुरा, जो कधीच खर्च होत नाही.

एक मात्र कंपन्यांच्या बाजूने सांगायला हवं. आपली शिल्लक त्या वाटेल तशी उडवू शकत नाहीत. बँक नसलेल्या कंपनीला हे पैसे बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामाशिवाय हात लावता येत नाही असं खातं) ठेवावे लागतात, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विम्याचं कवच असतं, ते अशा कंपनीकडच्या प्रीपेड पैशांना नाही. म्हणून घरात आमचा नियम असा, की प्रीपेडमध्ये महिन्याच्या बाजाराहून जास्त पैसे ठेवायचे नाहीत, मग कॅशबॅक कितीही दाखवो.

एवढं वाचून वाटेल की मी प्रीपेडच्या विरोधात आहे. तसं नाही. माझ्याकडे एक प्रीपेड वॉलेट, म्हणजे फोनमधलं पैशांचं पाकीट, आहे आणि ते मी रोज वापरते. त्याला कारण आमच्या वाडीतले एक काका.

आंब्याचे पैसे नुकतेच खात्यात आले होते. त्यांना फोन आला, केवायसी अपडेट करा नाहीतर खातं बंद. काकांनी लिंक उघडली, विचारला तो आकडा सांगितला आणि दुपारचं जेवण होईपर्यंत खात्यातले अठ्ठेचाळीस हजार गेले. अख्ख्या वर्षाच्या फवारणीचे पैसे होते ते. काका तीन दिवस पडवीत बसून होते, कोणाशी बोलले नाहीत. आमच्या आजेसासूबाई बाजारात जाताना कमरेच्या चंचीत त्या दिवशी लागतील तेवढीच नाणी घ्यायच्या, बाकीचे घरी पेटाऱ्यात. आपण मात्र अख्खा पेटारा मोबाइलला बांधून मासळी बाजारात फिरतो.

त्या दिवसानंतर माझं मुख्य खातं फोनवरून काढलं. वॉलेटमध्ये दीड-दोन हजार असतात, मासे, भाजी, गॅस त्यातूनच. उद्या मी फसले (आणि फसणार नाही अशी शपथ मी घेणार नाही, भरल्या घरात पाहुण्यांचं जेवण रांधताना आलेल्या फोनवर माणूस काहीही बोलून जातं) तरी जाईल ते चंचीतलं. नियमही माहीत असावेत. चूक आपली नसेल, कंपनीचीही नसेल, आणि आपण तीन दिवसांच्या आत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर पडत नाही. पण ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले. कंपनीने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, १४४४८ या नंबरवर त्याची माहिती मिळते. काकांना यातलं काहीच उपयोगी पडलं नाही, ओटीपी त्यांनीच दिला होता.

वॉलेट घेताना फक्त मोबाइल नंबर आणि जुजबी माहिती दिली तर त्यात कधीही दहा हजारांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, पूर्ण केवायसी केली तर दोन लाखांपर्यंत. सगळे सांगतात पूर्ण केवायसी करून घ्या, सोय वाढते. मला तर दहा हजारांची मर्यादा हीच सोय वाटते.

मुलगी कोल्हापूरला हॉस्टेलवर आहे. तिला प्रीपेड कार्ड दिलं तेव्हा सुरुवातीला १५० रुपये फी आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७७ रुपये गेले. सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर कार्डासकट मला घराबाहेर काढलं असतं. पण दर एक तारखेला त्यात अडीच हजार टाकायचे आणि पुढच्या एक तारखेपर्यंत विचारायचं नाही, असं आमचं ठरलं. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच फोन, "आई, संपले." मी काही टाकले नाहीत. त्या दहा दिवसांत तिने मेसचा डबा नेमाने खाल्ला आणि मैत्रिणीकडून दोनशे उसने घेतले. दुसऱ्या महिन्यात पंचवीस तारीख आली. आता महिन्याअखेरीस सत्तर-ऐंशी रुपये उरतात आणि ती त्याचा स्क्रीनशॉट पाठवते. १७७ रुपयांत एवढं शिकवणारी शिकवणी कोल्हापुरात मिळणार नाही. खात्याचं डेबिट कार्ड दिलं असतं तर हे झालं नसतं, तळ दिसतच नाही त्यात.

दिराचं मात्र उलटं आहे. त्यांना पास घ्यायची हौस. टोलसाठीचा फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा तीन हजारांचा होता, वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल ते. दिराने पहिल्याच आठवड्यात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, फेरीला फक्त पंधरा रुपये पडतात!" पंधरा पडतात ते दोनशे फेऱ्या मारणाऱ्याला. एका नाक्याचा टोल ऐंशी रुपये धरला तर अडतिसाव्यांदा नाका ओलांडताना पैसे वसूल व्हायला लागतात. हे गावी येतात वर्षातून दोनदा, चतुर्थीला आणि शिमग्याला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरून कोल्हापूरमार्गे यायचं म्हटलं, तर त्या एक्स्प्रेसवेला हा पास चालतच नाही, तो राष्ट्रीय महामार्गांचा. रोज नाका ओलांडून कामाला जाणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा. दिरांनी घेतला तो बाल्कनीत लावलेल्या काजूच्या रोपासारखा. मी तोंडावर बोलले नाही, इथे लिहिते आहे. भावजी, वाचत असाल तर राग मानू नका.

सासूबाईंच्या फोनचंही तेच. त्यांना फक्त बोलायचं असतं. तरी वर्षानुवर्षं आम्ही अठ्ठावीस दिवसांचे डेटावाले रिचार्ज मारत होतो. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याने वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात, हे कळायलाही मला काही वर्षं लागली. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नुसत्या कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवायला कंपन्यांना भाग पाडलं, तेव्हा कुठे त्यांचा न वापरलेला डेटा भरणं थांबलं.

प्रीपेड कार्डाची मला खरी आठवण आली ती मात्र एसटीत. पावसाळ्यातले दिवस, देवगडहून निघालेली गाडी. कंडक्टरने मशीनवर क्यूआर दाखवला, माझ्या पुढच्या कॉलेजच्या मुलाने स्कॅन केला आणि गाडी नेमकी खिंडीत शिरली. रेंज गेली. फोनवर ते चक्र फिरतंय, फिरतंय. मुलाचे पैसे गेलेत की नाही, त्यालाही कळेना आणि कंडक्टरलाही. मागे दहा-बारा माणसं तिकिटाची वाट बघत उभी. शेवटी शेजारच्या आजोबांनी टोपीतून घडी केलेली शंभराची नोट काढली. "धर रे, मगे माका दी." नोटेला रेंज लागत नाही.

मुंबईत मेट्रोला जे मोबिलिटी कार्ड चालतं, त्यात थोडे पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात. रेंज नसली तरी कार्ड टेकवलं की कापले जातात, पिन लागत नाही. पिन लागत नाही म्हणजे हरवलं तर सापडणाऱ्याची चंगळ, ती जोखीम आहेच, म्हणूनच त्यात थोडेच ठेवू देतात. पण खिंडीखिंडीतून जाणाऱ्या आमच्या गाड्यांना असं काहीतरी हवं. शहरात जिथे पावलोपावली रेंज आहे तिथे हे कार्ड आधी आलं, आणि जिथे जुलै महिन्यात तार पडून दोन-दोन दिवस वीज नसते, तिथे अजून क्यूआरचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगलेला असतो.

परवा पुतण्याचा फोन आला होता. दिवाळीला कंपनीने पुन्हा कार्ड दिलंय, यंदा पाच हजारांचं, चतुर्थीला घेऊन येऊ का काकी? मी म्हटलं, तू तिथेच खर्च कर आणि आजीला साडी आण. फोन स्पीकरवर होता. माजघरातून सासूबाई ओरडल्या, "साडी नको, माका नोटा आण म्हणान सांग!" मागच्या वर्षीचं कार्ड त्यांनी टाकलेलं नाही. परातीला चिकटलेलं पीठ खरवडायला ते बरं पडतं म्हणतात.