गायक बदलला म्हणून फड मोडत नाही

भाचा थेरगावला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याने एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली एकच ओळ: "मामा, हे खरंय का?" तो मेसेज मी त्याआधीच चार ग्रुपांवर पाहिला होता. २२ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला, तेव्हापासून तो या ना त्या रूपात फिरतोय.

मेसेजचा गोषवारा असा. ऑझीने १९६८ साली बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथ काढला आणि गाणी लिहिली. गिटारवाल्याची बोटं कारखान्यात तुटली, म्हणून त्याने तारा सैल सोडल्या आणि तिथेच हेवी मेटल जन्मलं. चर्चने बंदी घातलेला सैतानी सूर त्यांनी वाजवला, कारण मंडळी सैतानाची भक्त होती. १९७९ साली ऑझीला काढलं आणि बँड मेला. पुढची तीसेक वर्षं नुसती पाटी टांगलेली होती. ऑझी परतला तेव्हा पुन्हा जीव आला आणि चौघे जिवलग शेवटपर्यंत एकत्र राहिले. मग रडक्या चेहऱ्यांची रांग.

ऑझी मलाही प्यारा आहे. तो गेला त्या रात्री मी कोणाशी धड बोललो नव्हतो. पण एकाच्या मयतीत बाकीच्यांनाही पुरून टाकायचं, हे पटत नाही.

बोटांपासून सुरू करतो, कारण त्यातलं मला थोडं कळतं. भोसरी एमआयडीसीत शीट मेटलच्या कामात माझी अकरा वर्षं गेली. ऑपरेटर आला नाही की हेल्परला पॉवर प्रेसवर बसवायचं, ही तिथली जुनी रीत. बोट गेलेला माणूस चहाच्या टपरीवर भेटला तर कोणी विचारतसुद्धा नाही, कसं गेलं म्हणून. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याचं असंच झालं. १९६५ साल, वय १७. तो वेल्डिंगला होता. पत्रा वाकवून त्याच्याकडे पाठवणारी बाई त्या दिवशी आली नाही, म्हणून मशीनवर त्याला उभं केलं. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती, आईने पाठवलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

पुढची गोष्ट मला बोटांपेक्षा जास्त आवडते. कारखान्याचा फोरमन त्याच्यासाठी एक रेकॉर्ड घेऊन आला, जँगो राइनहार्टची. आगीत हात भाजून दोन बोटं निकामी झालेला हा जॅझ गिटारिस्ट राहिलेल्या बोटांवर काय वाजवायचा ते ऐक म्हणाला. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, घासून घासून मापात आणल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. टूलरूममध्ये याला जिग बनवणं म्हणतात.

इथवर मेसेज बरोबर आहे. चुकतो तो पुढच्या पावलाला. पहिले दोन अल्बम १९७० चे, आणि त्यांत गिटार नेहमीच्याच पट्टीत लावलेली आहे. रेकॉर्डिंगमध्ये तारा उतरल्या त्या तिसऱ्या, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर. पेटीवर तीन पट्ट्या खाली, तेही काही गाण्यांत. तारा सैल झाल्या की दुखऱ्या बोटांना आराम पडतो हे खरंच. पण अपघात आणि हा अल्बम यांच्यात सहा वर्षं आहेत. मधल्या काळात जे जड, काळं, अंगावर येणारं वाजलं, ते सैल तारांमुळे नाही. पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला, १३ फेब्रुवारी १९७० च्या शुक्रवारी आला आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यात गिटार, बास आणि ड्रम एकाच रिफवर (म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) एकदम पाय टाकतात, आणि दोन ठोक्यांमधली जागा तशीच रिकामी सोडतात. ढोलपथकात वाजवलेल्याला मी काय म्हणतोय ते कळेल. वजन नुसत्या टिपऱ्यात नसतं, पुढच्या टोल्याची वाट पाहायला लावण्यात असतं.

आता तो सैतानी सूर. त्याच अल्बमचं पहिलं गाणं: खालचा सा, वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यमावर थरथरत थांबणं. झालं, एवढंच. सा आणि तीव्र म यांच्यातल्या अंतराला युरोपात जुन्या संगीतपंडितांनी 'संगीतातला सैतान' असं नाव ठेवलं होतं, कारण ते कानाला टोचतं आणि गायला अवघड जातं. चर्चने त्यावर कायद्याने बंदी घातली, वाजवणाऱ्याला शिक्षा केली वगैरे दंतकथा आहे. आपल्याकडे हाच मध्यम यमनमध्ये आहे, आणि यमन म्हणजे क्लासात पहिल्यांदा शिकवायचा राग. तीव्र मध्यमात सैतान असता तर सदाशिव पेठेत रोज संध्याकाळी सहा ते आठ त्याची बॅच भरली असती. सॅबथला तो सुचला कसा, तर बँडचा बासवाला गीझर बटलर (हो, नाव गीझरच) होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या 'मार्स'चा चाहता होता आणि तालमीत बासवर ते वाजवत बसायचा. आयोमीने त्यातून आपला रिफ काढला.

सैतानभक्तीचं तर हसू येतं. गीझर कॅथलिक घरात वाढलेला. १९७१ चं 'आफ्टर फॉरएव्हर' सरळ देवाची बाजू घेतं. 'वॉर पिग्ज' गरिबांच्या पोरांना लढाईवर धाडून स्वतः मागे बसणाऱ्या पुढाऱ्यांवर आहे, 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून हेरॉइनचं व्यसन घेऊन आलेल्या सैनिकांवर. बँडचं नाव घेतलं ते बोरिस कार्लॉफच्या भयपटावरून. लोक पैसे मोजून घाबरायला जातात याचं त्यांना नवल वाटलं. पहिल्या अल्बमच्या आतल्या पानावरचा उलटा क्रूस रेकॉर्ड कंपनीने यांना न विचारता छापला. आणि गळ्यातले ते प्रसिद्ध क्रूस? ऑझीच्या वडिलांनी बनवून दिलेले, अ‍ॅल्युमिनियमचे. वडील टूलमेकर होते, कायम रात्रपाळीला. पोरगा भलत्या वाटेला लागू नये म्हणून बापाने कारखान्यातल्या धातूतून ताईत करून घालावा, यात सैतान कुठे बसतो?

गाणी कोणी लिहिली, ते यातून निम्मं आलंच. शब्द बहुतेक गीझरचे. 'द रिट'सारखा अपवाद आहे. १९७५ साली जुन्या मॅनेजरशी कोर्टकज्जे चालले होते, तो राग ऑझीने स्वतः शब्दांत उतरवला. रिफ आयोमीचे. गायच्या चाली बऱ्याचदा ऑझीच्या, आणि ते काम लहान नव्हे. पण 'बँड काढला' म्हणाल तर आयोमी आणि ड्रमवाला बिल वॉर्ड एका मोडलेल्या बँडमधून आले होते, गीझर आणि ऑझी दुसऱ्यातून. ऑझीने दुकानात जाहिरात लावली होती की गायक आहे, स्वतःचा पीए आहे. माईक-स्पीकर स्वतःचे असलेला गायक तेव्हा कोण सोडतो! आयोमी त्याला शाळेपासून ओळखत होता आणि फारसा खूश नव्हता.

तालमीचं वळण कुठून आलं हेही सांगण्यासारखं आहे. १९६८ च्या अखेरीस आयोमी काही आठवडे जेथ्रो टल या दुसऱ्या बँडमध्ये जाऊन आला. तिथला म्होरक्या इयन अँडरसनची शिस्त पाहून परतला आणि आपल्या तिघांना सकाळी नऊला तालमीला बोलवायला लागला. कारखान्यातून सुटलेली पोरं पुन्हा पहिल्या पाळीला.

म्हणून १९७९ चा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. एक तर ऑझी १९७७ च्या शेवटी स्वतःच निघून गेला होता, काही आठवड्यांसाठी गायक म्हणून डेव्ह वॉकर आला, आणि ऑझी परतल्यावर 'नेव्हर से डाय' हा अल्बम झाला. तो अमेरिकेत ६९ व्या क्रमांकावर अडकला. म्हणजे बँड आजारी पडला तो ऑझी असतानाच. एप्रिल १९७९ मध्ये त्याला काढलं, दारू आणि ड्रग्जवरून. बाकीचे काही तुळशीची माळ घालून बसलेले नव्हते. ही बातमी सांगायला बिल वॉर्डला पाठवलं. दोस्तीतली कठीण कामं नेहमी सगळ्यात हळव्या माणसाच्या वाट्याला येतात.

त्यानंतर गायक म्हणून रॉनी जेम्स डिओ आला आणि एप्रिल १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' हा अल्बम. ब्रिटनमध्ये नववा, अमेरिकेत २८ वा, पुढे तिथे प्लॅटिनम. मेलेल्या बँडची ही प्रकृती! ऑझी रिफच्या मागोमाग गायचा, रिफ जिथे जाईल तिथे आवाज. डिओ रिफच्या अंगावरून, वेगळी चाल धरून गायचा. त्यामुळे आयोमीला खाली मोकळं मैदान मिळालं आणि त्याची गिटार या अल्बमवर आधीपेक्षा ऐसपैस झाली. त्याच वर्षी ऑझीचा स्वतःचा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हा अल्बम आला. भाऊबंदकीत दोघांचंही शेत पिकलं, असं क्वचित होतं.

पुणेकराला खरं तर हे समजायला जड जाऊ नये. किर्लोस्कर मंडळींचं 'शाकुंतल' १८८० साली इथेच उभं राहिलं. १८८५ ला अण्णासाहेब गेले, मंडळी चालू राहिली. १९०१ ला भाऊराव कोल्हटकर गेले, चालू राहिली. मग बालगंधर्व आले, गाजले, आणि १९१३ साली वेगळे झाले. दर वेळी 'आता काय राहिलं' म्हणणारे असतीलच. सॅबथमध्ये तर फड उभा करणारा माणूस शेवटपर्यंत गिटार घेऊन जागेवर होता.

हिशोबच मांडतो. एकूण १९ स्टुडिओ अल्बम. गायकांप्रमाणे ऑझीचे ९, टोनी मार्टिनचे ५, डिओचे ३, इयन गिलन आणि ग्लेन ह्यूज यांचा एकेक. निम्म्याहून जास्त अल्बम ऑझीशिवायचे. सगळ्या १९ वर असलेला माणूस एकच, आयोमी.

सगळे चांगले आहेत असं म्हणणार नाही. गिलनचा १९८३ चा 'बॉर्न अगेन' ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला, पण आवाजाचं मिक्सिंग चिखलात लोळल्यासारखं. त्याच दौऱ्यात स्टोनहेंजच्या दगडांचा सेट बनवला. फुटांची मापं मीटरमध्ये वाचली गेली, आणि बहुतेक स्टेजवर तो मावेना. ड्रॉइंगवरचं युनिट न वाचणारा एक गृहस्थ आमच्याकडेही होता. त्याने ब्रॅकेटची अख्खी लॉट भंगारात घातली होती, त्यामुळे मला हे सहज पटतं. १९८६ चा 'सेव्हन्थ स्टार' मुळात आयोमीचा एकट्याचा अल्बम, त्यावर बँडचं नाव चिकटवलं गेलं. पाटी टांगल्याचा आरोप इथे लागू पडतो, मान्य. १९९५ चा 'फॉर्बिडन' मी दोनदा ऐकलाय, तिसऱ्यांदा ऐकायची हिंमत नाही.

पण १९८९ चा 'हेडलेस क्रॉस'? टोनी मार्टिन, हाही बर्मिंगहॅमचाच, आणि ड्रमवर कोझी पॉवेल. तो ऐकून कोणी 'नुसती पाटी' म्हणत असेल तर मी त्याच्याशी कॅम्पात कुठल्याही इराण्याकडे बसून भांडायला तयार आहे, बनमस्का माझ्याकडून. हे अल्बम पुढे बरीच वर्षं बाजारातून गायब होते. २०२४ मध्ये त्यातले चार एका संचात पुन्हा निघाले, तोवर एक पिढी ते न ऐकताच मोठी झाली होती. मेसेज लिहिणाराही बहुधा त्यातलाच.

राहिलं पुनरागमन. ऑझी परतल्यावरचा २०१३ चा '१३' हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला, १९७० च्या 'पॅरानॉइड'नंतर पहिल्यांदाच, आणि अमेरिकेत तर आयुष्यात पहिल्यांदा. इथे मेसेज बरोबर आहे. पण 'चौघे' नाही. करारावरून बिल वॉर्ड बाहेर राहिला, अल्बमवर ड्रम ब्रॅड विल्कने वाजवले. ४ फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यातही वॉर्ड नव्हता. आयोमी त्याआधी लिम्फोमाचे (एक प्रकारचा कॅन्सर) उपचार घेत घेत रेकॉर्डिंग करत होता. चौघे स्टेजवर एकत्र दिसले ते ५ जुलै २०२५ ला, ज्या अ‍ॅस्टनमध्ये वाढले तिथल्याच व्हिला पार्क मैदानावर. ऑझी खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी गेला.

हे सगळं टाइप करून भाच्याला पाठवलं. उत्तर आलं, "मामा, लई मोठंय, व्हॉइस नोट टाक ना." व्हॉइस नोट टाकली नाही. 'हेवन अँड हेल'चं शीर्षकगीत पाठवलं. तेही सात मिनिटांचं आहे.