विलायतेतले टॅक्सी परवाने कोण वाटतं? एका फॉरवर्डला उत्तर

इंग्लंडमधल्या टॅक्सींबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. ज्यांची मुलं तिकडे शिकायला आहेत, अशा आईबापांच्या ग्रुपांवर तर जरा जास्तच. त्यातली विधानं थोडक्यात अशी: तिथे टॅक्सीचं लायसन्स स्थानिक कौन्सिल देतं, म्हणजे नगरसेवक ते आपापल्या मतदारांना वाटतात, तुरुंगातून सुटलेल्यालाही ते मिळतं, कालपरवा विमानातून उतरलेला माणूस आज टॅक्सी चालवतो, फी मिळते म्हणून कौन्सिल कुणालाच नाही म्हणत नाही, आणि एकदा लायसन्स मिळालं की ते कुणी काढून घेऊ शकत नाही. शेवटी ठरलेली ओळ: ‘मुलीला एकटीला टॅक्सीत बसू देऊ नका.’

काळजी समजण्यासारखी आहे. तिच्यामागे एक भयंकर प्रकरणही आहे, त्याकडे येतोच. पण ही पाच विधानं तपासली तर उभी राहत नाहीत, आणि व्यवस्थेत खरोखर जिथे भोक आहे तिथे हा मजकूर पोचतच नाही.

‘नगरसेवक लायसन्स वाटतात’

मुंबई-पुण्यात टॅक्सी-रिक्षाचं परमिट आणि ड्रायव्हरचा बिल्ला हा सगळा आरटीओचा कारभार. महापालिकेला त्यात कुणी विचारत नाही. म्हणून ‘कौन्सिल देतं’ म्हटलं की आपल्याला प्रभागातले साहेब आणि त्यांचं शिफारसपत्र आठवतं. तिकडची रचना वेगळी आहे. लंडनमध्ये हे काम ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे असतं आणि उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी खात्याकडे. बाकीच्या इंग्लंड-वेल्समध्ये ते कौन्सिलकडे आहे, पण मुख्यतः १९७६च्या एका कायद्याने बांधलेलं. रस्त्यात हात दाखवून थांबवता येणाऱ्या हॅकनी टॅक्सीसाठी अजून १८४७चा कायदाही लागू आहे!

१९७६च्या कायद्याची भाषा बघण्यासारखी आहे. अर्जदार ‘योग्य आणि लायक’ आहे अशी खात्री पटल्याखेरीज कौन्सिलने लायसन्स देऊच नये, असं तो म्हणतो. खात्री पटली तर मात्र द्यावंच लागतं. म्हणजे सुरुवात नकारापासून होते, आणि खात्री पटवण्याचं ओझं अर्जदारावर असतं.

सरळ अर्ज अधिकारी निकालात काढतात. ज्यात काही खोट दिसते, ती प्रकरणं नगरसेवकांच्या छोट्या उपसमितीपुढे जातात. ही सुनावणी सहसा बंद दारामागे होते. प्रत्येकासमोर अधिकाऱ्याचा अहवाल असतो: जुने गुन्हे, वाहतुकीचे दंड, प्रवाशांच्या तक्रारी, अर्जात काय लपवलं होतं. अर्जदार वकील किंवा युनियनचा माणूस घेऊन येऊ शकतो. हातात मोबाइल धरून गाडी चालवताना पकडला गेला असेल, तर गाडीत प्रवासी होते का, फोन कुणाचा होता, अर्जात ते का लिहिलं नाही, असे प्रश्न येतात. मग समिती कायदा सल्लागाराला घेऊन आत जाते. निर्णय कारणांसह लेखी मिळतो, आणि २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. तिथे प्रकरण पहिल्यापासून ऐकलं जातं. ‘आमच्या वॉर्डातला पोरगा आहे’ हे कारण तिथे कुणी लिहून पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला कठोर वाटेल. ‘घरी दोन लहान मुलं आहेत, गाडीचे हप्ते चालू आहेत’ ही विनवणी आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात निम्मं काम करून जाते. लीड्सच्या एका प्रकरणात २००२ साली हायकोर्टाने सांगितलं की ड्रायव्हरच्या पोटापाण्याचा प्रश्न, अगदी अपवाद सोडला तर, इथे विचारात घ्यायचाच नाही. प्रश्न फक्त प्रवाशाचा.

आता ते भयंकर प्रकरण. उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरम गावात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं असावं, असा अंदाज २०१४च्या चौकशी अहवालाने मांडला, आणि टॅक्सीचालकांचा उल्लेख त्यात पुन्हा पुन्हा येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने नेमलेल्या लुईस केसी यांच्या तपासणीने कौन्सिलवर ठपका ठेवला, की लायक माणसांनाच लायसन्स मिळेल हे त्यांनी पाहिलं नाही. सरकारने कमिशनर पाठवले आणि लायसन्सचा कारभार नगरसेवकांच्या हातून काढून घेतला. पुढे तिथल्या टॅक्सीत कॅमेरे सक्तीचे झाले. तेव्हा कौन्सिलं नापास होतात, हे कुणी नाकारत नाही. पण रॉदरममध्ये जे घडलं ते नियमांमुळे नाही, नियम धाब्यावर बसवल्यामुळे. आज देशभर जी कडक मार्गदर्शक चौकट आहे, तिच्यामागे रॉदरमच आहे.

‘तुरुंगातून सुटलेल्यालाही मिळतं’

ही चौकट सरकारने जुलै २०२०मध्ये काढली. कौन्सिलने स्वतःला काय विचारावं, ते तिच्यात सरळ लिहिलंय: तुमच्या जिवाभावाच्या माणसाला, ते कुठल्याही अवस्थेत असो, दिवसा किंवा रात्री केव्हाही, या ड्रायव्हरच्या गाडीतून एकट्याने जाऊ द्याल का? उत्तर डळमळलं तर लायसन्स नाही. संशयाचा फायदा अर्जदाराला द्यायचा नाही. फौजदारी खटल्यात आरोपीला मिळतो, तो इथे नाही.

मग वर्षांचा हिशोब. लैंगिक गुन्हा, माणसांचं शोषण, कुणाचा जीव गेलेला गुन्हा: लायसन्स कधीच नाही. मारहाण किंवा अमली पदार्थांची विक्री: शिक्षा भोगून झाल्यावर किमान १० वर्षं. अप्रामाणिकपणा, शस्त्र बाळगणं, दारू पिऊन गाडी चालवणं: ७ वर्षं. गाडी चालवताना हातात मोबाइल: ५ वर्षं. हा शेवटचा आकडा आपल्याकडच्या कुठल्याही सिग्नलवर उभं राहून वाचावा.

इतर बहुतेक नोकऱ्यांत जुना गुन्हा ठराविक काळानंतर ‘संपला’ असं धरतात आणि तो सांगावा लागत नाही. टॅक्सीचालकाला ही सवलत नाही. पोलीस नोंदींची तपासणी सगळ्यात खोल दर्जाची असते, आणि ती दर सहा महिन्यांनी व्हावी अशी अपेक्षा आहे. निर्दोष सुटलं म्हणजे झालं, असंही नाही. १९९८ मध्ये रशक्लिफ कौन्सिलच्या प्रकरणात लॉर्ड बिंगम यांच्या कोर्टाने कौन्सिलची बाजू उचलून धरली. ज्याच्यावर एका महिला प्रवाशाशी असभ्य वर्तन केल्याचा आरोप होता आणि जो खटल्यात सुटला होता, त्यालाही लायसन्स नाकारता येतं, असं ठरलं. मला विचाराल तर हे थोडं अस्वस्थ करणारं आहे. कोर्टाने सोडलेल्या माणसाची रोजीरोटी एका समितीने थांबवावी का? पण या व्यवस्थेवर कुणी बोट ठेवायचंच असेल तर ते या बाजूने ठेवता येईल, ‘ढिलेपणा’च्या बाजूने नाही.

एक मात्र खरं. ही चौकट कायद्याचं कलम नाही, प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहायचं असतं. पंधरा वर्षांपूर्वी मारामारीत तुरुंगात गेलेला आणि त्यानंतर सरळ राहिलेला माणूस आज टॅक्सी चालवत असू शकतो. त्यात गैर काय, हे फॉरवर्डवाल्यांनी सांगावं.

‘विमानातून उतरला की टॅक्सीत बसला’

आपल्याकडून गेलेल्या माणसाचंच उदाहरण घेऊ. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून बारा महिने स्वतःची गाडी चालवता येते. टॅक्सीसाठी मात्र ते चालत नाही. पूर्ण ब्रिटिश लायसन्स लागतं आणि तेही हाती येऊन किमान बारा महिने व्हावे लागतात. देशाबाहेर सलग तीन महिने किंवा जास्त राहिलेल्याकडून तिथल्या पोलिसांचा दाखला मागावा, अशी सूचना आहे. म्हणजे आपल्या माणसाला पीसीसी, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. बहुतेक ठिकाणी वैद्यकीय तपासणी बस-ट्रक चालकांच्या निकषाने होते, आणि इंग्रजी बोलता-वाचता येतं की नाही हेही पाहतात.

शिवाय १ डिसेंबर २०१६पासून व्हिसा तपासणं कौन्सिलला कायद्याने बंधनकारक आहे. व्हिसा जितका, लायसन्सची मुदत त्याहून जास्त नाही. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र धंदा करायला बंदी आहे आणि बहुतेक टॅक्सीचालक स्वतंत्र धंदेवाईकच असतात. तेव्हा ‘पार्ट टाइम टॅक्सी चालवून फी काढता येईल’ असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

लंडनच्या काळ्या कॅबची तर गोष्टच निराळी. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करून तोंडी परीक्षा द्यायची, त्यात सहज तीन-चार वर्षं जातात.

‘फीसाठी कौन्सिल कुणालाच नाही म्हणत नाही’

फी घेऊन नफा कमवायला कायद्याने मनाई आहे; लायसन्स देण्याचा आणि त्या कारभाराचा खर्च निघावा इतकीच ती ठेवायची. वेकफील्डच्या प्रकरणात अपील कोर्टाने २०१९मध्ये कुठल्या फीत कुठला खर्च धरायचा, याचीही रेघ आखून दिली: ड्रायव्हरांवर लक्ष ठेवण्याचा खर्च ड्रायव्हरच्या फीत, गाडीच्या फीत नाही.

संख्येबद्दल म्हणाल, तर ड्रायव्हर किती असावेत याची मर्यादा घालायचा अधिकारच कौन्सिलला नाही. बुकिंगवर चालणाऱ्या प्रायव्हेट हायर गाड्यांवरही नाही. फक्त हॅकनी गाड्यांची संख्या रोखता येते, तीही लोकांची गरज भागते आहे हे सिद्ध झाल्यावर, १९८५च्या कायद्यानुसार. तेव्हा ‘खिरापत वाटली’ हा आरोप ज्याच्यावर होतोय, त्याच्या हातात ‘बास झालं’ म्हणायची सोयच नाही.

‘एकदा मिळालं की गेलंच नाही’

ड्रायव्हरचं लायसन्स सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं असतं. अटक झाली तर ४८ तासांत कौन्सिलला कळवायचं, अशी चौकट आहे. प्रवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर ते त्या क्षणापासून रद्द करता येतं, मग अपील कितीही चालो. कंपनी कितीही मोठी असली तरी हात आखडता घेतला जातोच असं नाही. लंडनने २०१७मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये उबरचं लायसन्स वाढवून द्यायला नकार दिला होता. दुसऱ्या वेळी कारण असं होतं, की लायसन्स नसलेल्या लोकांनी दुसऱ्यांच्या अकाउंटवर आपले फोटो चढवून निदान १४,००० फेऱ्या मारल्या होत्या. उबर दोन्ही वेळा कोर्टातून परत आली, पण आधी कारभार सुधारून आणि कमी मुदतीचं लायसन्स घेऊन.

एका गावात रद्द झालं की दुसऱ्या गावात अर्ज, ही युक्ती पूर्वी चालायची. एप्रिल २०२३पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक कौन्सिलला नकार आणि रद्दच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव शोधल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

मग भोक कुठे आहे?

इंग्लंडमध्ये लायसन्स देणाऱ्या संस्था अडीचशेहून जास्त आहेत. ‘लायक आहे का’ हा प्रश्न सगळ्यांचा एकच, पण किती खोदायचं, किती ट्रेनिंग घ्यायचं, गाडीत कॅमेरा हवा का, फी किती, किती दिवसांत निकाल, हे प्रत्येकाचं वेगळं. आणि कुठल्या कौन्सिलकडे अर्ज करायचा ते अर्जदार ठरवतो. प्रायव्हेट हायरमध्ये ड्रायव्हर, गाडी आणि बुकिंग घेणारा ऑपरेटर या तिघांची लायसन्सं एकाच कौन्सिलची असली की झालं. प्रवासी कुठूनही उचला. २०१५च्या कायद्याने ऑपरेटरांना दुसऱ्या भागातल्या ऑपरेटरकडे बुकिंग सोपवायची मोकळीक दिली, त्यात ॲप आली.

परिणाम मँचेस्टरच्या रस्त्यावर दिसतो. गाडीच्या मागच्या लायसन्स प्लेटवर बघाल तर नाव दुसऱ्याच शहराचं, वुल्व्हरहॅम्प्टनचं. लंडन सोडलं तर सगळ्यात जास्त लायसन्सं देणारं कौन्सिल हेच. आपण ड्रायव्हरांच्या पोलीस नोंदी रोज तपासतो, असं ते सांगतं, आणि ते खरं असेलही. पण मँचेस्टरच्या अधिकाऱ्याने ती गाडी थांबवली तर तिच्यावर त्याचा अधिकार चालत नाही, आणि मँचेस्टरकरांनी निवडून दिलेल्या माणसांनी घातलेल्या अटी तिला लागू नाहीत. ग्रेटर मँचेस्टरचे मेयर म्हणून अँडी बर्नहॅम यावर उघडपणे भांडत आले. जून २०२५मध्ये केसी यांच्याच दुसऱ्या अहवालाने हा बाहेरगावचा धंदा बंद करावा अशी शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली.

म्हणजे नगरसेवकाकडे नाही म्हणण्याचा अधिकार नको तितका आहे, असं नाही. त्याच्या स्वतःच्या गावात फिरणाऱ्या निम्म्याशिम्म्या गाड्यांबद्दल तो त्याला मिळतच नाही. फॉरवर्डमध्ये याचा एक शब्द नाही.

मुलीला पाठवायचं असेल तर हे पाठवा. गाडीत बसण्याआधी ॲपवरचा नंबर आणि मागच्या प्लेटवरचा नंबर जुळतो का ते पाहायचं आणि प्लेटवरच्या कौन्सिलचं नाव टिपायचं. धोका वाटला तर आधी ९९९, म्हणजे तिथला तातडीचा नंबर. तक्रार मात्र प्लेटवर नाव असलेल्या कौन्सिलकडे करायची, प्रकार मँचेस्टरमध्ये घडलेला असला तरी. नाव लक्षात राहिलं नसेल तर स्थानिक कौन्सिलकडे द्या. तिथे गंभीर बाब कळली की त्यांना ती दहा कामाच्या दिवसांत लायसन्स देणाऱ्या कौन्सिलला कळवावी लागते, आणि पुढच्या वीस कामाच्या दिवसांत त्या कौन्सिलला काय ठरवलं ते सांगावं लागतं.