‘घोकंपट्टी’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. इंग्रजीत कोणत्या नामाबरोबर कोणतं क्रियापद येतं, त्या जोड्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेलं दोनदा वाचलं. आपलं म्हणणं थोडक्यात असं : जोड्या पाठ करून घेणं ही निव्वळ घोकंपट्टी, मुलं बोलता बोलता आपोआप शिकतात, भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र बोली असल्याने ‘गिव्ह एक्झाम’ म्हटल्याने कुणाचं काही बिघडत नाही, ‘टेक अ डिसिजन’ला मी उगाच चूक ठरवलं, आणि या सगळ्यामागे माझा ‘मराठी माध्यमाचा न्यूनगंड’ आहे.

‘डिसिजन’चं आपलं बरोबर आहे. ‘मेक’ जास्त प्रचलित असलं तरी ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक’ही चालतं. मी सरसकट चूक म्हणायला नको होतं.

पण न्यूनगंड? मतभेद असू देत, मात्र ज्या माणसाला कधी भेटला नाहीत त्याच्या मनात काय आहे, हे सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मी बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. 1989 साली पाचवीत गेलो तेव्हा ए-बी-सी-डी पहिल्यांदा गिरवली. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, आमच्या वेळी नव्हतं. त्या शाळेची मला कधी लाज वाटली नाही. गेली बारा वर्षं संध्याकाळी मी अशाच शाळांतून आलेल्या मुलामुलींना शिकवतो. ‘न्यूनगंड’ हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांनीही वाचला आहे, हे लिहिताना आपल्या ध्यानात आलं नसावं.

आता ‘घोकंपट्टी’. हा शब्द मला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या ‘करणे’त किती काय मावतं बघा. गृहपाठ करतो, चूक करतो, फोन करतो, उपकार करतो, आंघोळ करतो, लग्न करतो. इंग्रजीत गृहपाठ आणि उपकाराला ‘डू’, चूक आणि फोनला ‘मेक’, आंघोळीला ‘हॅव’ किंवा ‘टेक’, आणि लग्नाला ‘गेट मॅरिड’. नवं काही तयार होतं तिथे ‘मेक’, असा नियम सांगतात. मग गृहपाठात निबंध नव्यानेच लिहिला तरी ‘डू होमवर्क’ का? अंथरूण आवरलं तर ‘मेक द बेड’ का? नियम दोन पावलं चालतो आणि बसतो. पुढे जोडीच लक्षात ठेवावी लागते.

मराठीत तरी वेगळं काय आहे? आपण उडी मारतो, पैज लावतो, शपथ घेतो, चहा टाकतो. आमच्या शेजारच्या बंगाली वहिनी अजून ‘फोटो उचला ना’ म्हणतात, कारण बंगालीत ‘छबी तोला’, म्हणजे चित्र उचलायचं. आम्ही ‘काढा’ म्हणून सांगतो. ‘काढा’च का, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलेलं नाही. त्यांनी ते पाठच करायला हवं. त्याला आपण घोकंपट्टी म्हणणार का?

हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषातज्ज्ञ टोकियोत जपानी मुलांच्या इंग्रजीवर काम करत होते. त्यांनी 1933 साली अशा जोड्या गोळा करून अहवाल काढला, कारण सुटे शब्द येऊनही मुलांचं वाक्य अडतं हे त्यांना दिसलं होतं. तेव्हा हे माझं खूळ नव्हे.

‘आपोआप’बद्दल. आपण मराठी आपोआप शिकलो, कारण जन्मापासून दिवसभर तेच कानावर पडत होतं. माझ्या विद्यार्थ्याला पस्तीस मिनिटांचा तास मिळायचा, त्यातलं निम्मं स्पष्टीकरण मराठीत. उरलेल्या वेळात तो ऐकणार कुणाचं, तर शेजारच्या बाकावरच्या मुलाचं. अख्खा वर्ग ‘डू मिस्टेक’ म्हणत असेल तर आपोआप तेच रुजेल.

आणि मी कोरी यादी देतच नाही. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हे दिसलं असतं. वहीत नाम आधी लिहायचं, कारण मुलांना ‘मिस्टेक’ आठवतं, अडतं ते त्याच्या क्रियापदाशी. मग त्या जोडीचं स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या दिवसातलं एक पूर्ण वाक्य. दिवसाला तीन जोड्या, आणि आठवड्याने वही न उघडता पुन्हा बोलून दाखवायच्या.

‘कुणाचं काय बिघडलं’ असं तुम्ही विचारता. माझं बिघडलं. पुण्यात पहिल्या मुलाखतीत मी अभिमानाने सांगितलं, ‘आय गेव्ह माय फायनल एक्झाम इन एप्रिल.’ टेबलापलीकडच्या परदेशी बाईंनी मी कोणत्या कॉलेजात शिकवतो, असं विचारलं. परीक्षा ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक, विद्यार्थी ‘टेक’ करतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. बाजूचे दोघे हसले. पुढच्या कुठल्याच प्रश्नाला माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र बोली आहे, हे तुमचं वाक्य त्या खोलीत माझ्या उपयोगी पडलं नसतं. आपापसात खुशाल ‘गिव्ह’ म्हणा. पण दुसरीकडे काय म्हणतात, हे मुलाला माहीतच असू नये, यात कसला मराठीचा अभिमान?

मूळ लेखातली ‘डिसिजन’ची ओळ आज दुरुस्त केली आहे. बाकीचा लेख आहे तसाच राहील.