तात्यांच्या फ्लेक्सवरचं राफेल

तात्या गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तालमीच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. माया होती म्हणून लावला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तात्यांच्या फोटोमागं चक्क राफेल! राफेल भारतात आलं २०२० च्या जुलैत, तोवर तात्यांना हवाई दलातून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती. त्यांचं विमान एएन-३२. दोन पंख्यांचं, बोजड, माल वाहणारं. फ्लेक्सवर शोभणारं नव्हे, हे कबूल.

शोकसभेतही तेच. देशसेवा, गगनभरारी, वगैरे. माणूस नेमकं काय काम करत होता, हे एकानंही सांगितलं नाही. ज्या कोल्हापुरात उद्यमनगरसारखी कारखान्यांची वस्ती आहे, ऑइल इंजिन खोलून परत जोडणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, तिथं तरी मिस्त्रीला मिस्त्री म्हणून निरोप द्यायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

म्हणून मी लिहितोय. तात्या इंजिन फिटर होते. चेन्नईजवळ तांबरमला शिकले, पुढं बराच काळ जोरहाटला काढला. एएन-३२ चे पंख वर आणि इंजिनं त्याच्याही वर, त्यामुळं सगळं काम उंचावर चढून. कधी आसामच्या पावसात, कधी लेहच्या थंडीत, उघड्या हातानं पाना धरला तर कातडं चिकटतं तिथं. बोल्ट नुसता आवळून भागत नाही. ठरलेल्या टॉर्कनं, म्हणजे नेमक्या मापाच्या जोरानं आवळायचा, मग त्यात तार ओवून पीळ देत अशी बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेनं त्याला उलटं ओढावं. काम संपलं की हत्यारं मोजायची. पेटीत ज्याच्या त्याच्या आकाराचा खळगा असतो. एक जरी रिकामा दिसला तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. मग फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर सही. त्या सहीवर भरवसा ठेवून वैमानिक आपली सही करतो आणि विमानात चढतो.

३१ मे २००८ ला एएन-३२ लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरलं. सोळा हजार फुटांहून उंचावरची कच्ची धावपट्टी, तिथं ४३ वर्षांनी विमान आलं. तात्या तेव्हा इथं, पेन्शनीत. बातमी वाचून म्हणाले, "इंजिनावर सही कुणाची हुती, ते न्हाई छापलं." चिडून नव्हे, त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

निवृत्तीनंतर उद्यमनगरात शेड टाकली असती तर चार पैसे मिळाले असते, असं म्हणणारे अजून आहेत. मला ते पटत नाही. तात्यांना डोंगर हवा होता, बस्स. दाजीपुरात गव्यांचा कळप दिसला की आधी वारा कुठून येतोय ते बघायचे, मगच आम्हाला पुढं सरकू द्यायचे. राधानगरी भरलं की अख्खं कोल्हापूर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर गेलं ते बघायला घाटावर पळतं. तात्या उलट्या दिशेला, स्कूटरवरून थेट धरणावर. माणसाचा हात न लागता दरवाजा उघडतो आणि १४२८ क्युसेक पाणी सुटतं, ते बघत भिजत उभे.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ही पायी मोहीम ठरलेलीच. दर थांब्यावर डोकी मोजणार म्हणजे मोजणार. एकदा मसाई पठारावर धुक्यात एक कमी भरला. सगळे पावसात उभे, पोरं वैतागली, काहींनी हळू आवाजात शिव्याही घातल्या. तात्या हलले नाहीत. कमी भरलेले साहेब मागं सेल्फी काढत बसले होते. पठारावरून चालतानाही तात्या वाकून बाटल्या, गुटख्याच्या पुड्या उचलायचे. उड्डाणाआधी धावपट्टीवर ओळीनं चालत खडा न खडा वेचायची सवय, ती सुटली नाही.

आताच्या मोहिमा बघतो. एकसारखे टीशर्ट, ड्रोन, ढोल, आणि शेवटचा माणूस कुठं आहे ते म्होरक्यालाच माहीत नाही. बाजीप्रभूंच्या नावानं निघताना एवढी बेफिकिरी मला सहन होत नाही, राग आला तर येऊ दे.

या जुलैला आमच्यासोबत ज्यांना यायचंय त्यांनी घरच्या फोन नंबरासकट नावं द्या. दर थांब्यावर मोजणी होईल, कचरा ज्यानं त्यानं आपल्या पिशवीत परत आणायचा. हे जाचक वाटत असेल तर दुसरे ग्रुप भरपूर आहेत.