आधी रबाळे, मग आखेन

या दिवाळीत ठाण्याला आले होते. भाऊबिजेला मामाकडे नौपाड्यात जेवणं उरकली आणि मामेभावाचा विषय निघाला. तो मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एमईएम, म्हणजे इंजिनिअरिंग मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचं त्याने ठरवलंय. ५० लाखांचं कर्ज आणि तारण म्हणून राहता फ्लॅट, इथवर बँकेशी बोलणंही झालं होतं. काका म्हणाले, "अमेरिका संपली आता, लाख डॉलर फी लावलीय. जर्मनीला जा, तिथे फुकट आहे." मामी म्हणाली, "कॅट दे आणि इथेच राहा." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नऊ वर्षं मी जर्मनीत आहे, त्यामुळे निकाल मी द्यायचा होता.

आधी माहिती नीट करून घेऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं एक लाख डॉलरचं शुल्क नव्या एच-१बी, म्हणजे अमेरिकेत नोकरी करायच्या व्हिसाच्या, अर्जांवर आहे. तिथेच शिकून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बी घेणाऱ्यांना ते लागत नाही, असा खुलासा त्यांच्या इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबरमध्ये केला. खरी धास्ती या व्हिसाच्या लॉटरीची. वर्षाला ६५ हजार जागा, तिथल्या मास्टर्सवाल्यांना वेगळ्या २० हजार. इंजिनिअरिंग मॅनेजमेंट 'स्टेम'मध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत मोडतं, म्हणून पदवीनंतर १२ आणि वर २४ असे ३६ महिने काम करता येतं. तेवढ्यात नंबर लागला तर लागला.

आणि जर्मनी फुकट, हेही अर्धंच खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरमागे १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना मास्टर्सला सेमिस्टरमागे ४ ते ६ हजार युरो लावलेत. आणि या विषयाचे इंग्रजीतले बरेच कोर्स खाजगी संस्थांचे असतात, त्यांची फी वेगळीच.

पण व्हिसा आणि फीवर दोन तास वाद झाला, त्यात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. या मुलाने कारखान्यात कधी काम केलंय का?

बाबा वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते. मी इंजिनिअर झाल्यावर रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात दोन वर्षं काढली. पगार इतका कमी की मैत्रिणी ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत सॉफ्टवेअरला गेल्या आणि मला वेडी म्हणाल्या. तिथे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, एक जॉब काढून दुसरा भाग बनवायला मशीन लावायचं तर दीड तास लागायचा. सुपरवायझर मशीन लावून देणाऱ्या सेटरकाकांवर ओरडायचा, काका गप्प. एक दिवस मी घड्याळ घेऊन त्यांच्यामागे फिरले. चकचे जॉ, म्हणजे भाग पकडून धरणारे जबडे, लांबच्या रॅकमध्ये, त्याची चावी स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर चहाला. इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्यांची, डबी चौथ्या मशीनवर. दीड तासातला निम्मा वेळ काका चालत होते. आम्ही एक जुनी ट्रॉली धुऊन घेतली आणि पुढच्या जॉबचं सगळं सामान मशीन चालू असतानाच तिच्यावर लावून ठेवायला लागलो. महिन्याभरात ४० मिनिटांवर आलो.

पुढे जर्मनीत आखेनला मास्टर्स करताना वर्गात जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंची पद्धत आली: मशीन थांबवून करायची कामं वेगळी, चालू असताना करता येणारी वेगळी, आणि जॉबची बदली दहा मिनिटांच्या आत. बाकीच्यांनी ती परीक्षेपुरती लिहून घेतली. मला काकांच्या चपला दिसत होत्या.

जर्मनीत या विषयाला जुनी परंपरा आहे. प्राध्यापक विली प्रिऑन यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये इंजिनिअरिंग आणि अर्थव्यवहार एकत्र शिकवायला सुरुवात केली. आजही कित्येक विद्यापीठांत मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला काही आठवडे कारखान्यात काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. मी आता पंप बनवणाऱ्या कारखान्यात नियोजन बघते. पहिल्याच आठवड्यात तिथल्या माइस्टरने, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून सुरुवात करून परीक्षा देत वर आलेल्या प्रमुखाने, मला विचारलं, "तू स्वतः मशीन लावलं आहेस?" अर्थात जर्मनमध्ये. हो म्हणाले, तेव्हा त्याने खुर्ची पुढे केली. शॉप फ्लोअरवर इंग्रजीचा उपयोग नाही, हेही त्याच दिवशी कळलं.

आपल्याकडे मॅनेजमेंट म्हणजे मशीनपासून सुटका, असं घराघरांत धरलं जातं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ज्याने रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, ढीग पाहिला नाही, डिस्पॅचच्या आदल्या रात्री थांबला नाही, त्याला या शास्त्रातलं काय उमगणार? शिवाय त्यासाठी परदेशच कशाला हवा? पवईला १९६३ पासून 'निटी' ही संस्था आहे, तीच २०२३ पासून आयआयएम मुंबई. औद्योगिक अभियांत्रिकीतच त्या संस्थेचं नाव झालं. मामेभावाच्या यादीत ती नव्हती, कारण रॅंकिंगच्या याद्या अमेरिकेच्या.

मामाचं म्हणणंही मी सोडून देत नाही. "कोअरमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या इंजिनिअरिंगमध्ये, पगार नाही, दोन वर्षं फुकट घालवायची का?" हे तो रागाने नाही, काळजीने विचारतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे मालक नव्या इंजिनिअरला जे देतात त्यात मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, ही शरमेची गोष्ट आहे. ते बदलायला हवं, आणि ते मालकांनीच बदलायला हवं. पण दोन वर्षं आईबापाच्या घरी राहून कमी पगारात काढणं, आणि त्यांचं घरच बँकेकडे ठेवणं, यातलं मोठं ओझं कोणतं हे मामाने कागदावर मांडून बघावं. मी त्याच रात्री त्याला मांडून दिलं.

मामेभाऊ जाताना जिन्यात भेटला. म्हणाला, "ताई, ते सेटरकाका अजून आहेत तिथे?" आहेत. मी त्यांना फोन लावून दिला.