महाशीर सगळे एकच? अजिबात नाही

काल रात्री काकांनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, उगाच अडवत होतास." गावच्या डोहात महाशीर या नदीतल्या माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची म्हणून काका दोन महिने वर्गणी गोळा करतायत. फॉरवर्डमध्ये लिहिलंय की डीएनए बारकोडिंग म्हणजे आपल्या माशांवर शिक्के मारायचं परदेशी कारस्थान. त्यासाठी मासे मारावे लागतात, शिवाय ते चुकतंही. कोळ्याला मासा डोळ्यांनीच कळतो, आणि महाशीर शेवटी सगळे एकच, कुठलंही बीज कुठल्याही नदीत सोडा.

शिक्का वगैरे काही नसतं. पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि मासा परत पाण्यात सोडतात. त्या तुकड्यातल्या सीओआय या जनुकाची साधारण ६५० अक्षरं वाचायची आणि ओळख पक्की असलेल्या माशांच्या नोंदींशी ताडायची, एवढंच. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली.

मला संताप आला तो फॉरवर्डच्या शेवटच्या, "सगळे एकच" या वाक्याचा. कावेरीत पाठीला उंचवटा असलेला एक प्रचंड महाशीर आहे. गळ टाकणारे इंग्रजांच्या काळापासून त्याच्यासाठी तिथे जात, पण त्याचं शास्त्रीय नाव कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. त्याच नदीत लोणावळ्याच्या हॅचरीतली निळ्या परांच्या महाशीरची पिल्लं नेऊन सोडली. हा आपला दख्खनचा मासा, सायक्स या इंग्रज अभ्यासकाने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला. हेतू चांगलाच होता. पण १९९८ ते २०१२ या काळात गळाला लागलेल्या सहा हजारांवर माशांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचा वाढत गेलेला आणि कावेरीचा स्वतःचा मासा जवळजवळ दिसेनासा झालेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग यांनीही त्याला मारलंच. मग २०१८ मध्ये अंगाच्या खुणा आणि डीएनए एकत्र तपासल्यावर कळलं की हा केरळातल्या पंबार नदीतून वर्णन झालेला टोर रेमादेवी. नाव जुळलं त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. "सगळे एकच" म्हणत राहिलो असतो, तर कावेरीत महाशीर भरपूर आहेत असंच वाटत राहिलं असतं.

कोळ्याला मोठा मासा कळतो, हे खरं. पण बीजवाल्याने नमुना म्हणून दिलेली पिशवी काकांनी माझ्यासमोर घमेल्यात रिकामी केली होती. बोटाएवढी चंदेरी पिल्लं, ना धड ओठ दिसतात ना परांचा रंग. त्यातलं कुठलं कुठल्या जातीचं, हे काकांना सांगता आलं नाही, मलाही नाही.

बारकोड चुकतो, हेही मान्य. हे जनुक फक्त आईकडून येतं, त्यामुळे संकर झालेल्या पिल्लात आईचीच जात दिसते, आणि मूळ नोंदीवरचं नाव चुकीचं असेल तर उत्तरही चुकतं. म्हणजे आणखी चाचण्या हव्यात. न तपासता सोडायची मुभा त्यातून कुठून आली?

काका, बीजवाल्याला मी परवा फोन केला. नर-मादी कुठल्या नदीतले, एवढंच विचारलं. "ओरिजिनल महाशीर आहे," म्हणाला, नदीचं नाव काही सांगितलं नाही. आपल्या डोहात खडची (इथला महाशीर) अजून आहे, मे महिन्यात आपण दोघांनी पाहिली. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीच्या नावावर लोकांनी मासे राखलेच ना? वर्गणी परत करू नका, तिच्यातून पावसाळ्याआधी डोहावर रात्रीची राखण बसवा. पहिली पाळी माझी.