काचबिंदूचे थेंब ‘प्रेशर नॉर्मल आलं की बंद करा’ : खुलासा

‘काचबिंदूचे थेंब फार दिवस घातले की डोळ्यांना सवय लागते, प्रेशर नॉर्मल आलं की बंद करा,’ असा मेसेज फिरतो आहे. हे चुकीचं आहे.

डोळ्याचा दाब, म्हणजेच प्रेशर, साधारण १० ते २१ मिमी पारा असतो. उपचार चालू असताना तपासणीत १५ आला, तर तो थेंबांमुळेच आलेला असतो. लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या औषधाचा एक थेंब साधारण २४ तास काम करतो. तो बंद केला की काही आठवड्यांत दाब पुन्हा चढतो. तेवढ्या काळात डोळ्याच्या नसेची हानी झाली तर ती भरून येत नाही, आणि ती होताना बहुधा दुखतही नाही.

थेंब सुटतात ते फक्त आळसाने नव्हे. नजर सुधारत नाही, उलट डोळे लाल होतात, चुरचुरतात. वयाने हात थरथरतो, दोन-तीन थेंब गालावर ओघळतात आणि बाटली महिन्याआधीच संपते. अशा वेळी आडवं व्हा, खालची पापणी ओढून खळगा करा, एकच थेंब टाका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकायच्या असतात.

दमा असेल तर टिमोलॉल (काचबिंदूचेच दुसरे थेंब) सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगाच. लाली किंवा खर्च झेपत नसेल तरी सांगा: औषध बदलता येतं, काहींना लेसरही चालतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.